सॅटेलाइट कॅम्पची बंदी वीस दिवसांत उठली, मग मुलांना दहाच दिवस का?

हुरॉनकाठ

हायस्कूल खेळांच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की कॉलेजांचे फुटबॉल कॅम्प जूनमध्येच का उरकतात, आणि दहाच दिवस का. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय. उत्तर दोन ओळींत मावत नाही, कारण त्यामागे २०१६ चं भांडण आहे.

आधी शब्द स्पष्ट करतो. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट आणि पॅडवाला. एफबीएस म्हणजे कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात वरचा थर. २०१६ मध्ये त्यात १२८ संघ होते. त्याखाली एफसीएस, मग डिव्हिजन दोन, मग तीन. एफबीएस संघाला तेव्हा एकूण ८५ पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या, त्यात एका वर्षाच्या नव्या २५. एफसीएसला ६३ आणि डिव्हिजन दोनला ३६, पण त्या तुकडे करून वाटता येणाऱ्या. डिव्हिजन तीनला खेळासाठी एकही नाही. मुलाचं कॉलेज फुकट होणार की घर गहाण पडणार, हे पुष्कळदा तो कुणाच्या नजरेस पडला यावर ठरतं.

नजरेस पडायची जागा म्हणजे उन्हाळी कॅम्प. वसंतात कोच शाळेत येऊन सराव पाहू शकतो, पण मुलाशी बोलणं 'कसा आहेस, बरं आहे ना' इतपतच. त्याला सगळे 'बंप रूल' म्हणतात. कॅम्पात तोच कोच मुलाच्या शेजारी उभा राहून त्याचं पाऊल कुठे पडतंय ते दुरुस्त करतो आणि पुढच्या खेपेला पोरानं ते उचललं का हे बघतो. व्हिडिओत हे दिसत नाही.

तेव्हाचा नियम असा होता: विद्यापीठानं स्वतःचा कॅम्प आपल्या राज्यात घ्यावा, किंवा राज्याबाहेर घ्यायचा तर कॅम्पसपासून ५० मैलांच्या आत. पण दुसऱ्याच्या कॅम्पात पाहुणा कोच म्हणून काम करायला अंतराची अट नव्हती. अशा घरापासून लांबच्या कॅम्पांना 'सॅटेलाइट कॅम्प' म्हणतात. २०१४ मध्ये पेन स्टेटचे कोच जॉर्जिया स्टेटच्या कॅम्पाला अटलांटात गेले आणि दक्षिणेतल्या एसईसी कॉन्फरन्सला (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) ते झोंबलं. २०१५ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे तेव्हाचे मुख्य कोच जिम हारबॉ यांनी ही वाट हमरस्ताच करून टाकली. अलाबामातल्या प्रॅटव्हिलपासून कॅलिफोर्नियापर्यंत कॅम्प. एसईसी आणि एसीसी या दोन कॉन्फरन्सनी आपापल्या कोचना असं लांब जायला स्वतःच बंदी घातलेली होती. म्हणजे परके त्यांच्या अंगणात येऊ शकत होते आणि त्यांना बाहेर जाता येत नव्हतं. स्वतःचा नियम सैल करण्याऐवजी त्यांनी सगळ्या देशाला तोच नियम लावायचा प्रस्ताव आणला.

८ एप्रिल २०१६ ला एनसीएएच्या डिव्हिजन एक कौन्सिलनं तो मंजूर केला, तोही त्याच दिवसापासून लागू. २८ एप्रिलला बोर्ड ऑफ डायरेक्टर्सनं तो मागे घेतला. मधल्या वीस दिवसांत खेळाडू आणि चाहते का खवळले, आणि जिंकूनही पुढच्या वर्षी काय गमावलं, हे इथे लिहून काढू. जाणकारांनी भर घालावी.

स्वाती_म

चांगला धागा. एक प्राथमिक प्रश्न: एनसीएए म्हणजे बीसीसीआयसारखं मंडळ का? आणि हे कौन्सिल, बोर्ड वेगवेगळे कसे?

हुरॉनकाठ

स्वातीताई, एनसीएए ही कॉलेजांचीच संघटना आहे. नियम सदस्य विद्यापीठंच करतात, आपापल्या कॉन्फरन्समार्फत. तेव्हा कौन्सिलवर बहुतेक क्रीडा संचालक असत, रोजचे नियम तिथे ठरत. बोर्डावर मुख्यतः विद्यापीठांचे अध्यक्ष. ते कौन्सिलच्या वर. 'एनसीएएनं बंदी घातली' असं म्हटलं की हे निसटतं. बंदी विद्यापीठांनीच घातली होती, आणि कुणी कसं मत दिलं हे नावानिशी कळत होतं. निषेधाला धार आली ती त्यामुळे.

मोजपट्टी

मतदानाचा हिशोब मांडतो, कारण सगळी मेख तिथे आहे.

तेव्हा एफबीएसच्या दहा कॉन्फरन्स होत्या. त्यातल्या पाच मोठ्यांच्या (एसईसी, एसीसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, पॅक-१२) मताचं वजन दोन, बाकी पाचांचं एक. एकूण १५.

बंदीच्या बाजूनं: एसईसी २, एसीसी २, बिग ट्वेल्व्ह २, पॅक-१२ २, माउंटन वेस्ट १, सन बेल्ट १. झाले १०.
विरोधात: बिग टेन २, अमेरिकन १, कॉन्फरन्स यूएसए १, मिड-अमेरिकन म्हणजे मॅक १. झाले ५.

निकाल १०–५, दिसायला एकतर्फी. आता पॅक-१२ कडे बघा. त्यांचं मत यूसीएलएचे क्रीडा संचालक डॅन गेरेरो यांनी टाकलं. त्यांच्या कॉन्फरन्समधल्या बहुतांश विद्यापीठांना कॅम्प चालू राहायला हवे होते, आणि मत पडायला हवं होतं तसं पडलं नाही हे पॅक-१२ चे कमिशनर लॅरी स्कॉट यांनी नंतर उघड सांगितलं. ती दोन मतं उलटी धरली तर ८–७. बंदी तरीही मंजूर. पण सन बेल्टच्या मताबद्दलही तसाच प्रश्न उभा राहिला होता. ते एक मतही फिरवा: ७–८. बंदी पडली!

म्हणजे दोन कॉन्फरन्सच्या प्रतिनिधींनी घरच्यांचं ऐकलं असतं तर हा वीस दिवसांचा गोंधळ झालाच नसता. चाहत्यांनी आणि पत्रकारांनी हे गणित ८ एप्रिलनंतर काही दिवसांतच मांडलं, आणि बोर्डावरच्या अध्यक्षांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

अटलांटाकर

दुसरी बाजू मांडतो, कारण हारबॉ विरुद्ध दक्षिण अशी सोपी गोष्ट करून चालणार नाही.

एक, कोचांचा वर्षाचा दिनक्रम. जानेवारीत रिक्रूटिंग (संघासाठी मुलं हेरून मिळवणं), वसंतात सराव, मग शाळांच्या भेटी, जूनमध्ये कॅम्प, ऑगस्टपासून हंगाम. जुलैचे काही आठवडे सोडले तर घरी असण्याचे दिवसच नाहीत. सहायक कोचांना हे फार जड जातं.

दोन, यजमान कोण? हायस्कूलच्या मैदानावर कॅम्प घ्यायचा तर मैदानाचं भाडं, कोचचा मोबदला, खासगी ट्रेनर असे पैशाचे प्रवाह सुरू होतात. एखाद्या चांगल्या खेळाडूच्या आसपास वावरणाऱ्या माणसाला 'कॅम्पचा आयोजक' म्हणून पैसे पोचवणं सोपं होतं. कॅम्पसवर विद्यापीठाच्या नियमपालन कचेरीचा माणूस हजर असतो. तीनशे मैलांवरच्या शाळेच्या मैदानावर नसतो.

तीन, दुखापत. परक्या मैदानावर ट्रेनर (दुखापत बघणारा माणूस) कुणाचा, विमा कुणाचा, अँब्युलन्स कुणी सांगितली, हे आधी लेखी ठरलेलं नसेल तर घोटाळा होतो.

यावर उपाय होते: दिवस मर्यादित करा, विम्याचे नियम घाला, आयोजकांचे पैसे जाहीर करा. सरसकट बंदी हा उपाय नव्हता, हे मलाही मान्य आहे.

रानजाई

अटलांटाकर, मुद्दे रास्त आहेत. पण त्या बंदीच्या शब्दांत जे होतं ते बहुतेकांच्या ध्यानात उशिरा आलं. दोन वाक्यं होती. पहिलं: एफबीएस संघानं कॅम्प आपल्याच मैदानावर, किंवा सराव-सामन्यांसाठी नेहमी वापरत असलेल्या जागेतच घ्यावा. दुसरं: एफबीएस कोचनं फक्त आपल्याच विद्यापीठाच्या कॅम्पात काम करावं.

सगळी चर्चा पहिल्या वाक्यावर झाली, गळा दुसऱ्यानं कापला. ओहायो स्टेटच्या कॅम्पात मॅकमधल्या छोट्या संघांचे कोच वर्षानुवर्षं येऊन काम करायचे. ती सॅटेलाइट कॅम्पची भानगडच नव्हे. ओहायो स्टेटच्या गावी, कोलंबसला, शेकडो मुलं येतात, त्यातली ओहायो स्टेटच्या उपयोगाची मोजकीच. बाकीच्यांपैकी पंधरा-वीस जण मॅकच्या पातळीचे असतात आणि त्यांना स्कॉलरशिपची ऑफर मिळते ती त्या पाहुण्या कोचांकडून. छोट्या संघांकडे देशभर फिरायचं बजेट नसतं; मोठ्याच्या मांडवात उभं राहून त्यांचं काम व्हायचं. दुसऱ्या वाक्यानं तो मांडवच उठवला. मॅकनं विरोधात मत का दिलं ते यावरून कळेल.

आता मुलाच्या बाजूनं बघा. दक्षिण अलाबामातला ताऱ्याबिऱ्यांशिवायचा एक लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीतला खेळाडू. (रिक्रूटिंगच्या संकेतस्थळांवर मुलांना दोन ते पाच तारे देतात, ह्याला एकही नाही.) त्याला मिशिगननं बघावं असं वाटलं तर हजार मैलांचा प्रवास, मोटेल, जेवण, पालकांच्या दोन-तीन दिवसांच्या पगाराला कात्री. तोच कॅम्प गावापासून तासाभरावर असला तर फी आणि पेट्रोल. शिवाय तिथे मिशिगनबरोबर आणखी पाच-सहा संघांचे कोच. फी माफ करायलाही बंदी आहे बरं का. नववीपासून पुढच्या मुलाला फुकट किंवा सवलतीत घेता येत नाही. म्हणजे गरिबाला मदत करायचा एकच कायदेशीर रस्ता होता, तो म्हणजे कॅम्प त्याच्या दारी नेणं. तोच बंद केला. पाच तारेवाल्याचं काय, त्याच्याकडे कोच विमानानं येतात.

स्वाती_म

फी माफीला बंदी का पण? हे तर उलटंच वाटतं.

रानजाई

कारण सवलत दिली तर ती ताऱ्यांवाल्यालाच मिळेल आणि आमिष ठरेल. त्याच कारणानं कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. संख्या, वय, इयत्ता आणि मुलगा-मुलगी एवढ्याच अटी घालता येतात. 'फक्त निमंत्रितांसाठी' कॅम्प चालत नाही.

आपल्या मंडळींसाठी एक सावधगिरी. मंडळातल्या एखाद्या काकांनी एखाद्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला देणगी दिली असेल, तर नियमांच्या भाषेत ते 'बूस्टर' झाले. त्यांनी प्रेमापोटी एखाद्या मुलाची कॅम्प फी भरली तरी त्या मुलाची पात्रता अडचणीत येऊ शकते. मदत करायची असेल तर आधी विद्यापीठाच्या नियमपालन कचेरीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

सुपारीचोर

निषेध नेमका कसा झाला? मोर्चे वगैरे?

हुरॉनकाठ

मोर्चे नाहीत. एप्रिल, सेमिस्टरच्या परीक्षा तोंडावर. झालं ते असं:

आजी-माजी खेळाडूंनी ट्विटरवर लिहायला सुरुवात केली, आणि त्यांनी घोषणा दिल्या नाहीत. कुठला कॅम्प, कुठल्या वर्षी, कुणी बघितलं, किती दिवसांनी ऑफर आली, हे लिहिलं. एकामागून एक अशा नोंदी आल्या की 'कॅम्पमुळे कुणाला काही मिळत नाही' हा दावा उभाच राहू शकला नाही. सोबत ऑनलाइन सह्यांचे अर्ज फिरले. वॉशिंग्टन स्टेटचे माइक लीच यांच्यासारखे कोच जाहीरपणे विरोधात बोलले, आणि हे महत्त्वाचं होतं, कारण लीच यांची कॉन्फरन्स पॅक-१२, जिचं मत बंदीच्या पारड्यात पडलं होतं. अमेरिकेच्या न्याय खात्यानं चौकशी सुरू केल्याच्याही बातम्या आल्या. प्रतिस्पर्धी संस्थांनी मिळून एकमेकांचा बाजार वाटून घेतला तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा विषय होतो, आणि विद्यापीठांच्या वकिलांना तेवढी कुणकुण पुरते.

चाहत्यांचं काम यात दुय्यम होतं पण फुकट गेलं नाही. मिशिगनच्या चाहत्यांनी नुसता 'आमच्या हारबॉला अडवलं' असा गळा काढला असता तर बाकी देशानं लक्ष दिलं नसतं. बराच काळ तसंच चाललं होतं खरं. मॅकच्या आणि पॅक-१२ च्या गावांतले चाहते आपापल्या क्रीडा संचालकांना 'तुम्ही कसं मत दिलंत, कुणाला विचारून' हे विचारू लागले तेव्हा सूर बदलला.

पायंडा

आणि मग बोर्डानं बंदी उठवली, पण जोडीला कौन्सिलला सांगितलं की रिक्रूटिंगच्या सगळ्याच वातावरणाचा आढावा घ्या, पहिल्या शिफारशी १ सप्टेंबरपर्यंत द्या. त्या दिवशी हे वाक्य कुणी नीट वाचलं नाही. सगळे आनंदात. २०१६ च्या उन्हाळ्यात मिशिगननं जवळपास चाळीस कॅम्प गाठले, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकन सामोआसुद्धा. एसईसीनंही आपली बंदी सोडली आणि त्यांचे कोच बाहेर पडले.

एप्रिल २०१७ मध्ये तोच आढावा एकगठ्ठा प्रस्ताव होऊन परत आला. त्यात काय काय होतं बघा:

– अकरावीच्या १ एप्रिलपासून जूनच्या उत्तरार्धापर्यंत मुलांना विद्यापीठाच्या खर्चानं अधिकृत भेट.
– दहावा सहायक कोच, ९ जानेवारी २०१८ पासून.
– मुलाच्या जवळच्या माणसाला त्याच्या प्रवेशाच्या आधी आणि नंतर दोन वर्षं नोकरीवर घ्यायला बंदी. (अटलांटाकरांचा दुसरा मुद्दा बराचसा इथे मिटला.)
– आणि कॅम्प: आधी १५ सलग दिवसांचे दोन टप्पे होते, ते काढून जून-जुलैत मिळून १० दिवस. जागा विद्यापीठाच्या कॅम्पसवर किंवा त्याच्या नेहमीच्या मैदानावरच.

त्या वर्षीच मुलांनी डिसेंबरमध्ये, म्हणजे लवकर, कॉलेजच्या करारावर सही करायची मुदतही आली. पहिली २० डिसेंबर २०१७ पासून.

पहिल्या तीन गोष्टी मुलांच्या, पालकांच्या, कोचांच्या हिताच्या. चौथी त्यांच्या पोटात सारलेली. एकगठ्ठा मतदान असल्यामुळे चौथीला विरोध करायचा तर अधिकृत भेटींनाही विरोध करावा लागला असता. निषेध झालाच नाही म्हटलं तरी चालेल. बंदीच्या विरोधात माणसं एकवटतात, पॅकेजच्या विरोधात एकवटत नाहीत. या सगळ्या प्रकरणातून घ्यायचं ते हेच, असं माझं मत आहे.

रानजाई

सहमत, पण एक गोष्ट नोंदवून ठेवू: २०१७ चा नियम २०१६ च्या बंदीइतका वाईट नाही. दुसऱ्याच्या कॅम्पात काम करायला परवानगी राहिली. जागा कुठल्या तरी कॉलेजची हवी, एवढंच. शिवाय कॅम्पात कोचला मुलाशी उघडपणे रिक्रूटिंगचं बोलता येऊ लागलं, जे आधी चालत नव्हतं. त्यातूनच हल्लीचे मेगाकॅम्प आले. एखादं डिव्हिजन दोन किंवा तीनचं कॉलेज मैदान देतं, तिथे एकाच दिवशी वीस-तीस संघांचे कोच येतात. दिवस मोजून मिळत असल्यानं संघ एकाच तारखेला आपला स्टाफ विभागून चार ठिकाणी पाठवतात.

तोटा कुणाला झाला? जिथे जवळपास कॉलेजच नाही अशा गावांना. हायस्कूलचं मैदान बाद झालं ते त्यांच्यासाठी.

मोजपट्टी

आता कामाचं लिहितो. मुलगा दहावी-अकरावीत असेल तर कॅम्प कसा निवडायचा आणि तिथे काय बिघडतं.

निवड. ईमेलवर येणारं 'निमंत्रण' हे निमंत्रण नसतं. नियमात ठरलेल्या तारखेआधी कोचला मुलाला रिक्रूटिंगचं पत्र किंवा मेसेज पाठवता येत नाही, पण कॅम्पची जाहिरात केव्हाही पाठवता येते. शाळेच्या रोस्टरवरून (संघातल्या मुलांच्या यादीवरून) हजारो पत्ते काढून ती जाते. खरी आवड ओळखायची खूण: मेलमध्ये मुलाच्या व्हिडिओतल्या एखाद्या विशिष्ट खेळीचा उल्लेख, किंवा तो ज्या जागेवर खेळतो त्या जागेच्या कोचनं हायस्कूलच्या कोचला स्वतः केलेला फोन. यातलं काहीच नसेल तर त्या विद्यापीठाच्या कॅम्पाऐवजी जवळचा मेगाकॅम्प घ्या.

तारखा. दहा दिवसांची मर्यादा सगळ्यांनाच, त्यामुळे सगळे कॅम्प जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत एकमेकांवर चढतात. त्याच आठवड्यांत अधिकृत भेटीही. एप्रिलमध्येच कागदावर तक्ता करा. लागोपाठच्या दिवशी दोन कॅम्प घेऊ नका. पहिल्या दिवशीच्या दुखऱ्या मांड्यांनी दुसऱ्या दिवशीचा वेळ जातो आणि नोंद मात्र दोन्हीकडे राहते.

कागद. अठराच्या आतल्या मुलासाठी पालकांची सही असलेला जबाबदारीमुक्तीचा फॉर्म, विम्याच्या कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, आणि बहुतेक ठिकाणी गेल्या बारा महिन्यांतली शारीरिक तपासणी. फॉर्म अर्धवट असला की मुलगा टेबलाशी अडकतो आणि मोजमापाची पहिली फेरी हुकते.

मोजमाप. उंची अनवाणी, अष्टमांश इंचापर्यंत. कागदावर ६०२१ लिहिलं असेल तर ६ फूट २ आणि एक अष्टमांश इंच. वेबसाइटवर सहा-चार लिहून तिथे ६०२१ निघालं तर कोच बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही. खरी उंचीच लिहा.

४० यार्डांची धाव. हातातल्या घड्याळाचा वेळ लेझरपेक्षा साधारण एक ते दोन दशांश सेकंदांनी कमी दिसतो, म्हणून दोन कॅम्पांच्या आकड्यांची तुलना करताना कशानं मोजलं ते आधी विचारा. चुका दोन: सुरुवातीला वजन मागच्या पायावर राहतं आणि पहिलं पाऊल घसरतं, आणि रेषा दिसली की पोरगा तीन यार्ड आधीच सैल पडतो. रेषेपुढे पाच यार्डांवर काहीतरी ठेवून तिथपर्यंत धावायची सवय लावा.

५–१०–५ शटल. मधल्या रेषेवर हात टेकून उभं राहायचं, एका बाजूला ५ यार्ड, रेषेला हात, उलट १० यार्ड, रेषेला हात, परत ५ यार्ड मधल्या रेषेपार. एकूण २० यार्ड. हात रेषेला लागला नाही तर धाव बाद. वळताना कंबर उंच राहिली की दोन पावलं जास्त पडतात. गुडघ्यांतून खाली बसूनच वळायचं. डावीकडे सुरू करून एकदा, उजवीकडे एकदा, असा दोन्ही बाजूंचा सराव हवा, कारण बहुतेक मुलांची एक बाजू कच्ची असते.

कोपऱ्यातला_ओ

मोजपट्टी, आकड्यांइतकंच महत्त्व एकास-एक लढतींचं आहे, विशेषतः लाइनमनसाठी. हिशोब करा: लढतींना २५ मिनिटं, म्हणजे १५०० सेकंद. एक लढत, परत जागेवर येणं, पुढची जोडी, यात ३० सेकंद जातात. एका ठिकाणी ५० लढती होतात. तिथे ६० ऑफेन्सिव्ह (चढाईच्या बाजूचे) लाइनमन असतील तर दहा जणांना एकही मिळत नाही. म्हणून शिट्टी वाजली की रांगेत पहिल्या पाचांत उभं राहायचं, लढत झाली की धावत परत रांगेत. यात उद्धटपणा नाही; कोचना हे आवडतं.

कॅम्पात पॅड नसतात, टी-शर्ट आणि शॉर्ट्स. म्हणून समोरचा अंगावर येतो तेव्हा हात आतल्या बाजूनं, छातीवर, अंगठे वर. हात बाहेरून गेले की शर्ट पकडला जातो, आणि 'होल्डिंग' ही कोचच्या वहीत सगळ्यात आधी उतरणारी नोंद. हरलेल्या लढतीनंतर मुलगा काय करतो तेही लिहिलं जातं. मान टाकून चालत परतला तर तेही.

जूनचं ऊन विसरू नका. आदल्या रात्रीपासून पाणी. सकाळी एकदम ढोसून उपयोग नाही. ट्रेनरचा तंबू कुठे आहे ते आल्या आल्या मुलाला दाखवून ठेवा. ट्रेनर किंवा अँब्युलन्सची सोय दिसत नसेल तर फी गेली तरी चालेल, मुलाला मैदानात उतरवू नका.

सुपारीचोर

आताच्या परिस्थितीत या मर्यादेविरुद्ध पुन्हा आवाज उठवायचा तर? कोण ऐकणार?

पायंडा

परिस्थिती २०१६ पेक्षा कठीण झालीय, म्हणून आवाज उठवायलाच हवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी. २०२१ मध्ये खेळाडूला हंगामभर न थांबता एकदा संघ बदलायची मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये ती एकदाचीही अट गेली. कोचला आता हायस्कूलच्या सतरा वर्षांच्या मुलाऐवजी तयार एकवीस वर्षांचा घेता येतो. त्यातच १३ मार्च २०२० ते ३१ मे २०२१ कोविडमुळे प्रत्यक्ष रिक्रूटिंगच बंद होतं. त्या काळात मुलांना हे कॅम्प मिळालेच नाहीत. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्याची तडजोड मंजूर झाली आणि तिच्या कक्षेत येणाऱ्या संघांना स्कॉलरशिपच्या ८५ ऐवजी रोस्टरची १०५ ची मर्यादा लागली. आधी स्कॉलरशिपविना येऊन जागा कमावणारी मुलं मोठ्या संघांत असायची. ती जागा आकसली. अशा वेळी बघितलं जाण्याचे दिवस वाढायला हवेत.

कुणाला लिहायचं? एनसीएएच्या मुख्य कचेरीला नको. आपल्या विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांना आणि अध्यक्षांना, तेही प्रस्ताव मतदानाला यायच्या आधी. विद्यार्थी खेळाडूंची प्रत्येक कॅम्पसवर सल्लागार समिती असते, तिचा आवाज कॉन्फरन्सपर्यंत जातो. मुलगा आधीच खेळत असेल तर तिथून. मागणी नेमकी हवी. 'निर्बंध उठवा' यावर कुणी हलत नाही. 'सर्वांत जवळचं कॉलेज १०० मैलांपलीकडे असेल तर हायस्कूलच्या मैदानाला परवानगी द्या, ट्रेनर आणि विम्याची अट घाला, आयोजकाचा मोबदला जाहीर करा' असं लिहिलं तर अटलांटाकरांच्या बाजूच्या माणसालाही नाही म्हणायला कारण राहत नाही. आणि प्रस्ताव एकगठ्ठा येत असेल तर पहिली मागणी ही, की कॅम्पचं कलम वेगळं काढून त्यावर वेगळं मत घ्या.

अटलांटाकर

मोबदला जाहीर करायचं कलम असेल तर माझा पूर्ण पाठिंबा.

स्वाती_म

खूप कळलं. शेवटचा प्रश्न: मुलगा नववीत आहे, आत्तापासून काय?

मोजपट्टी

नववीचे वर्ग सुरू झाले की नियमांच्या दृष्टीनं तो 'प्रॉस्पेक्ट' झाला, फी माफी, बूस्टर सगळं लागू. पण या वर्षी एक कॅम्प पुरे, तोही जवळच्या डिव्हिजन दोन-तीनच्या कॉलेजातला. मोजमापाची आणि रांगेची सवय व्हावी म्हणून.

त्याहून आधी अभ्यासाचा तक्ता. डिव्हिजन एकसाठी १६ मुख्य विषय लागतात, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आत, आणि त्या दहांपैकी ७ इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे. मुख्य विषयांची सरासरी ४ पैकी किमान २.३. एसएटीची अट आता नाही. दहावीत समुपदेशकाला विचारून प्रत्येक विषय एनसीएएच्या मान्य यादीत आहे का ते ताडून घ्या. काही शाळांचे ऑनलाइन विषय त्या यादीत बसत नाहीत आणि ते बारावीत कळतं.

कॅम्पच्या दहा दिवस आधी मुलानं स्वतः त्याच्या जागेच्या कोचला मेल करावा, पालकांनी नाही. विषयाच्या ओळीत हायस्कूल संपण्याचं वर्ष, जागा, खरी उंची-वजन, शाळा, कॅम्पची तारीख. आत तीन ओळी आणि व्हिडिओची लिंक, पहिल्या तीस सेकंदांत सगळ्यात चांगल्या खेळ्या. उत्तर येणार नाही, कारण नियमात ठरलेल्या तारखेआधी कोचला ते देता येत नाही. मेल मात्र वाचतात.